घरमालकाचा हक्क कोठे संपतो?

घर बदलले तर संसाराची भांडीकुंडी माणसाच्या मागोमाग जातात. दुकान हलले तर गिऱ्हाईक मागेच राहते. व्यापारी भाडेकरूचा सारा प्रश्न या एका गोष्टीत सामावला आहे. भुलेश्वरच्या बोळातील भांडीवाला घ्या, गिरगावातील शिंपी घ्या, की दादरचा पुस्तकविक्रेता घ्या. वीस-तीस वर्षे खपून त्याने जे कमावलेले असते ते केवळ त्याच्या गल्ल्यात नसते, ते त्या जागेच्या उंबरठ्याशी चिकटलेले असते. अमक्याच्या दुकानी माल चोख मिळतो, ही लोकांच्या तोंडची ख्याती हीच त्याची खरी पुंजी. ती गाठोड्यात बांधून दुसऱ्या पेठेत नेता येत नाही. अशा माणसास घरमालक एके दिवशी म्हणतो, "जागा खाली करा." असे म्हणण्याचा त्याचा हक्क कोठवर पोचतो आणि कोठे संपतो, हा आज आमच्या विवेचनाचा विषय आहे.

हा वकिलांचा विषय आहे, असे म्हणून तो बाजूस सारता येणार नाही. या महानगराचे पोट जितके गिरण्यांनी व कचेऱ्यांनी भरले तितकेच ते लहान गाळ्यांनीही भरले आहे. मालक, दोन नोकर आणि त्यांची तीन कुटुंबे एका दहा बाय बाराच्या गाळ्यावर जगतात. परंतु कायदा आपल्याविषयी काय म्हणतो हे बहुधा त्या गाळेकऱ्यास ठाऊक नसते आणि घरमालकासही ठाऊक नसते. घरमालकास वाटते, जागा माझी, कुलूप माझे, मी म्हणेन त्या दिवशी तो गेला पाहिजे. गाळेकऱ्यास वाटते, एकदा आत पाय ठेवला की ब्रह्मदेवही मला बाहेर काढू शकणार नाही. दोघांचेही चुकते, आणि या दोन अज्ञानांच्या मधल्या फटीत दलाल, गुंड आणि वर्षानुवर्षे रेंगाळणारे दावे यांचा मात्र उत्तम जम बसतो.

मुंबईत भाड्याच्या नियंत्रणाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, युद्धकाळापुरता म्हणून पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी १९३९ मध्ये दुसरा आणि १९४४ मध्ये तिसरा झाला. पुढे स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, जो मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा मंजूर झाला त्याने या शहराचे रूपच ठरवून टाकले. एका बाजूस रोजगारासाठी कोकण-देशावरून येणारे लोंढे, दुसऱ्या बाजूस फाळणीने घरदार हिरावलेले निर्वासित, आणि जागा मात्र मोजकी, अशी ती वेळ होती. त्या वेळी सरकारने दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या. भाडेकरू भाडे देत असेल तर त्यास कारणावाचून काढता येणार नाही, ही पहिली. आणि भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्याच्या आसपास गोठलेले राहील, ही दुसरी.

या दोन गोष्टींची गाठ ही आजच्या साऱ्या अनर्थाची जननी आहे, असे आमचे मत आहे. आणि हा अग्रलेख त्या गाठीविषयीच आहे. ताबा सुरक्षित असणे हे एक. भाडे गोठलेले असणे हे अगदी वेगळे. पहिले न्यायाचे आहे. दुसरे संकटकाळापुरते क्षम्य होते. संकट ओसरल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या ते चालू राहिले, तेव्हा ते अन्याय बनले.

प्रथम, आज कायदा काय सांगतो ते पाहू. १९४७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. राहत्या घराबरोबरच धंदा, व्यापार, शिक्षण व साठवण यांकरिता दिलेल्या जागाही त्याच्या छत्राखाली येतात. त्याचे मूळ सूत्र सोपे आहे. भाडेकरू भाडे व मान्य वाढ देत असेल, देण्यास तयार व राजी असेल आणि कराराच्या अटी पाळीत असेल, तोवर घरमालकास ताबा मागता येत नाही. भाडे थकले तरी लगेच दावा नाही; आधी लेखी मागणी करावयाची आणि नव्वद दिवस थांबावयाचे. त्यानंतर दावा झालाच, तर समन्स हाती पडल्यापासून नव्वद दिवसांत सारी थकबाकी पंधरा टक्के सरळव्याजासह व खर्चासह न्यायालयात भरणाऱ्या आणि पुढेही नियमाने भरीत राहणाऱ्या भाडेकरूवर त्या कारणास्तव हुकूमनामा होत नाही. एखादा हंगाम मंदीत गेला म्हणून कोणाचे दुकान उठू नये, इतकी दया कायद्याने दाखविली आहे. मात्र नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. तारखा चुकविणाऱ्यास ही ढाल लाभत नाही, हे गाळेकऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे.

भाडे वेळेवर येत असतानाही ताबा मागता येतो, पण त्यास कायद्याने मोजकी कारणे नेमून दिली आहेत. जागेची नासधूस करणे, मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांस उपद्रव देणे, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, ही भाडेकरूच्या दोषाची कारणे झाली. त्यातही कायद्याने तारतम्य राखले आहे. लाकडी आडभिंत उभारली वा वातानुकूलन यंत्र बसविले म्हणजे पक्के बांधकाम झाले असे होत नाही. ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती सबळ कारणावाचून सलग सहा महिने वापरलीच नाही, तर तेही कारण होते. जुना गाळा कुलूपबंद ठेवून, "किंमत वाढेल तेव्हा पाहू" म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

भाडेकरूचा काडीचाही दोष नसताना जी कारणे लागू होतात त्यांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरमालकाची स्वतःची प्रामाणिक व वाजवी गरज. मुलास धंदा थाटून द्यावयाचा आहे, निवृत्तीनंतर स्वतः दवाखाना चालवावयाचा आहे, अशी गरज खरी असली तर कायदा ती मानतो. परंतु तेवढ्यावर थांबत नाही. न्यायालय तराजू हाती घेते. जागा दिल्याने भाडेकरूवर कोसळणारे संकट मोठे, की न दिल्याने मालकास सोसावा लागणारा त्रास मोठा? दोघांपैकी कोणास दुसरी सोयीची जागा मिळण्यासारखी आहे? भाडेकरूचे पारडे जड ठरले तर ताबा नाकारता येतो, आणि अर्ध्या जागेत दोघांचेही भागत असेल तर अर्ध्यापुरताच हुकूमनामा देता येतो. शिवाय, गरजेचे निमित्त करून जागा सोडवून घेतली आणि महिन्याभरात ती स्वतः वापरली नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्यास भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू न्यायालयात जाऊन ती परत मागू शकतो. इमारत पाडून नवी बांधण्यासाठी ताबा हवा असेल तर मालकाजवळ पुरेसा पैसा आहे काय, आराखडे नीट तयार आहेत काय, हे न्यायालय आधी तपासते. तसेच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही. तो जमिनीतही असतो.

धंद्याच्या जागेत भाडेकरू मरण पावला तर काय? त्याच्याबरोबर धंदा करणारा, किंवा त्या धंद्यासाठी जागा वापरणारा कुटुंबीय त्याच्या जागी भाडेकरू होतो. दिल्लीच्या कायद्यापुरता हाच प्रश्न १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे आला, तेव्हा व्यापारी जागेचा भाडेहक्क वारसांकडे जातो, असाच कौल मिळाला. कर्ता गेला त्याच महिन्यात दुकानही गेले, तर त्या कुटुंबावर दुहेरी मरण ओढवते, हे सांगावयास न्यायशास्त्र लागत नाही.

आता ज्या मर्यादेला अपवाद नाही तिच्याकडे वळू. कारण कोणतेही असो, करार संपलेला असो, भाडे थकलेले असो, भाडेकरू सर्वस्वी लबाड असो; घरमालकास स्वतःच्या हाताने त्यास बाहेर काढता येत नाही. रात्री कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर टाकणे, दारात पैलवान उभे करणे, हा मालकीचा हक्क नव्हे, ही दांडगाई होय. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले आणि १९८९ मध्ये पुन्हा सांगितले की, ज्याचा ताबा स्थिरावला आहे त्यास, त्याचा राहण्याचा हक्क संपला असला तरी, मालक कायद्याच्या मार्गानेच काढू शकतो. अशा रीतीने हुसकावलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या सहाव्या कलमाखाली दावा केला, तर न्यायालय मालकी कोणाची हे विचारीतच नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा हिरावला एवढेच विचारते. पाणी तोडणे, वीज तोडणे, जिन्यातला दिवा घालविणे, या चोरवाटेलाही भाडे नियंत्रण कायद्याने मज्जाव केला आहे आणि त्यासाठी शिक्षा ठेवली आहे. बळी तो कान पिळी हा न्याय रानात चालतो. शहरात तो चालू लागला की शहराचे रान व्हावयास वेळ लागत नाही.

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल, मग गाळेकऱ्याचे छान चालले आहे. रडण्याचे कारण काय? कारण असे की, ही सारी ढाल ज्याच्या हाती आहे तो आणि ज्यास तिची खरी गरज आहे तो, ही आता दोन वेगळी माणसे झाली आहेत.

प्रथम घरमालकाची बाजू ऐकू, कारण ती ऐकण्याची आपणांस सवय राहिलेली नाही. घरमालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चांदीच्या मुठीची काठी घेतलेला शेठ उभा राहतो. जुन्या शहरात हे चित्र पुष्कळदा खोटे असते. वडिलांनी बांधलेली तीन मजली चाळ, तळमजल्यावर चार गाळे, आणि त्या गाळ्यांचे एकत्र भाडे एका वेळच्या किराणा मालासही पुरू नये, अशी स्थिती असलेल्या विधवा आणि निवृत्त कारकून या शहरात आहेत. याच चाळीची गळकी कौले त्यांनीच दुरुस्त करावयाची. कायद्याने वर्षास चार टक्के वाढ दिली आहे खरी. परंतु पाया गोठलेला असेल तर वाढ ती किती? समजा, एखाद्या गाळ्याचे भाडे शंभर रुपये आहे. चार टक्क्यांची चक्रवाढ वाढ सलग पंचवीस वर्षे घेतली तरी ते पावणेतीनशेच्या आतच राहते. त्याच रांगेतील मोकळा गाळा त्याच्या कैक पटींनी जात असतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या जुन्या कायद्यातील गोठलेल्या भाड्याची कलमे अवाजवी व मनमानी असल्याचे म्हटले होते; त्या कायद्याची मुदत संपत आली होती म्हणूनच ती त्या वेळी रद्द केली गेली नाहीत. नव्या कायद्याने तो दोष पुरता धुऊन काढला, असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

या गोठणीचे फळ म्हणजे पागडी. १९४७ च्या कायद्यात जो गुन्हा होता तो १९९९ च्या कायद्यात रीतसर व्यवहार झाला. भाडेहक्क सोडताना वा दुसऱ्याच्या नावे करताना भाडेकरूने पैसा घेणे, आणि त्यास संमती देताना मालकाने घेणे, आता कायदेशीर आहे. म्हणजे कायद्यानेच कबूल केले की, भाड्याच्या पावतीवर जो आकडा आहे तो खरा नाही. खरा आकडा दुसरीकडे आहे. ज्यांनी आजोबांच्या पावतीवर टीचभर भाडे भरून आतल्या आत तोच गाळा दुसऱ्यास बाजारभावाने चालवावयास दिला आहे, ते गरीब गाळेकरी नव्हेत. ते घरमालकाच्या डोक्यावर बसलेले दुसरे घरमालक होत. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याची आमची तयारी नाही.

न्यायालयांनाही हे कळून चुकले आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ताब्याचा हुकूमनामा झाल्यावर अपिलात स्थगिती मागणाऱ्या भाडेकरूने त्या काळासाठी जुने भाडे नव्हे, तर जागेच्या बाजारमूल्यास साजेशी रक्कम भरली पाहिजे. २००९ मध्ये महाराष्ट्र सरकार स्वतः भाडेकरू असलेल्या प्रकरणात हेच तत्त्व सरकारलाही लागू केले. २००८ मध्ये, दिल्लीच्या कायद्यात स्वतःच्या गरजेसाठी राहते घर मागता येते पण दुकान मागता येत नाही, असा जो भेद होता तो काढून टाकला. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे यावरून दिसते. दावा लांबवीत नेणे हाच एक धंदा, असे मानणाऱ्या भाडेकरूंचे दिवस भरत आले आहेत. आणि ते भरत आले हे बरेच झाले.

परंतु दुसऱ्या टोकास काय चालले आहे? गेल्या काही दशकांत या शहरात जो नवा गाळेकरी आला, तो या छत्राखाली आलाच नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवलाच्या कंपन्या यांना १९९९ च्या कायद्याने संरक्षणातून वगळले. ते योग्यच झाले, हत्तीला छत्री लागत नाही. पण ज्यास लागते त्यासही ती मिळेनाशी झाली. मोबाइल दुरुस्त करणारा तरुण, पोळीभाजीचे दुकान काढणारी गृहिणी, झेरॉक्सवाला, शिकवणी घेणारा मास्तर, हे सारे आज भाडेकरू नसतात. ते "लिव्ह अँड लायसन्स"चे परवानेदार असतात. नाव बदलले आणि नशीब बदलले. भाडेकरूस जागेत हक्क असतो. परवानेदारास केवळ येण्याजाण्याची परवानगी असते, आणि परवानगीची मुदत संपली की तो कायद्याच्या दृष्टीने पाहुणा. अकरा महिन्यांचा वा तीन वर्षांचा करार, मोठी अनामत, फर्निचर व रंगरंगोटी स्वतःच्या खर्चाने. धंदा बसू लागतो न लागतो तोच मालकाचा निरोप येतो, "पुढच्या महिन्यापासून दुप्पट, नाही तर माणसे रांगेत उभी आहेत." या मागणीस कायद्यात कोणतीच मर्यादा नाही. त्या गाळेकऱ्याने वाढवलेल्या वर्दळीचाच भाव मालक त्याच्याकडून वसूल करतो. झाड याने लावावे, पाणी याने घालावे, आणि आंबे उतरवताना कुंपणाबाहेर उभे राहावे!

करारावर नाव काहीही लिहिले तरी व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच म्हटले आहे. दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलातील केशकर्तनाच्या खोल्यांवरून तो वाद होता, आणि जागेचा अनन्य ताबा दिला असेल तर तो परवाना नसून भाडेपट्टाच असू शकतो, असे त्यात ठरले. तत्त्व थोर आहे. पण ते सिद्ध करण्यासाठी झेरॉक्सवाल्याने धोबी तलावाच्या लघुवाद न्यायालयात किती वर्षे उंबरे झिजवावयाचे? तोवर त्याचे यंत्र गंजेल आणि मुले दुसऱ्या गावी शिकतील. एक गोष्ट मात्र प्रत्येक लहान गाळेकऱ्याने पक्की धरावी. करार लेखी असावा आणि तो नोंदवलेला असावा, अशी सक्ती या राज्याच्या कायद्यात असून तिची जबाबदारी घरमालकावर आहे. करार लेखी व नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. "कागद पुढे बघू" असे म्हणणाऱ्या मालकाच्या गोड बोलण्यास त्याने भुलू नये.

सारांश, आज एका रस्त्याच्या दोन बाजूंस दोन दुकाने आहेत. एका बाजूच्या जुन्या भाडेकरूस ताबाही आहे आणि फुकटासारखे भाडेही आहे. दुसऱ्या बाजूचा नवा गाळेकरी पुरेपूर बाजारभाव देतो आणि त्याचा ताबा मात्र कॅलेंडरच्या पानावर लटकतो. जो काहीच देत नाही तो अढळ; जो सर्व काही देतो तो उपरा. यास कायद्याचे राज्य म्हणावयाचे, की योगायोगाचे?

ही गाठ सुटणारच नाही असे नाही. इतर देशांनी ती सोडविली आहे. इंग्लंडने १९५४ च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूची मुदत संपली तरी त्याचा ताबा आपोआप चालू ठेवला आणि नवा करार मागण्याचा हक्क त्यास दिला. पण भाडे मात्र बाजाराचे. आणि त्यात एक मार्मिक अट अशी की, बाजारभाव ठरविताना त्या भाडेकरूच्या धंद्याने मिळवलेला नावलौकिक धरावयाचा नाही. कारण तो त्याने मिळविला, मालकाने नव्हे. मालकास स्वतःसाठी वा पुनर्बांधणीसाठी जागा हवी असेल तर ती मिळते, पण निर्दोष भाडेकरूस भरपाई देऊन. पुढे १९६९ पासून दोन्ही पक्षांच्या संमतीने या संरक्षणातून बाहेर पडण्याची वाट तेथे ठेवण्यात आली, आणि ती वाट सबलांनी दुर्बलांपुढे कशी टाकावी याचा धडाही त्यातून मिळतो. फ्रान्सने १९५३ पासून निराळी तऱ्हा स्वीकारली. तेथे दुकानाचा पट्टा निदान नऊ वर्षांचा. भाडेकरू दर तीन वर्षांनी सोडू शकतो. मुदतीनंतर मालकाने नूतनीकरण नाकारले तर त्यास मोकळीक आहे, परंतु गेलेल्या धंद्याची किंमत त्याने मोजून द्यावी लागते. दोन्ही देशांनी एकच गोष्ट ओळखली. भाडे हे जागेचे मोल आहे, ते मालकास मिळो. बसलेली गिऱ्हाइकी हे श्रमाचे मोल आहे, ते गाळेकऱ्याकडे राहो.

यावर घरमालकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. "मालमत्ता माझी, ती कोणास किती वर्षे द्यावी हे सरकारने का सांगावे?" याचे उत्तर असे की, नाक्यावरच्या गाळ्यास जे मोल आले ते भिंतींमुळे आलेले नाही. समोरचे रेल्वे स्थानक लोकांच्या पैशाने झाले, रस्ता लोकांच्या पैशाने रुंद झाला, आणि वर्दळ दुकानदारांनी वाढविली. ज्या मोलात समाजाचा वाटा आहे त्याच्या उपभोगावर समाजाने मर्यादा घालणे हा जुलूम नव्हे. मात्र मर्यादा घालणे निराळे आणि मालकाच्या पदरी काहीच न ठेवणे निराळे, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने सांगू. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संरक्षण वाढविले की मालक गाळे देणेच बंद करतील, कुलपे लागतील. गोठलेल्या भाड्याच्या काळात तसे झाले, हे खरे. पण ते ताब्याच्या संरक्षणामुळे झाले की भाडे गोठल्यामुळे? ज्यास दर महिन्यास पुरे भाडे मिळणार आहे, ठरल्या हिशोबाने वाढही मिळणार आहे, आणि खरी गरज पडल्यास भरपाई देऊन जागाही परत मिळणार आहे, तो मालक रिकाम्या गाळ्यास कुलूप लावून काय मिळवणार?

तेव्हा आमची राज्य सरकारकडे मागणी स्वच्छ आहे. लहान व्यापाऱ्यास दिलेल्या जागेचा करार, त्यास परवाना म्हणा वा पट्टा म्हणा, निदान पाच वर्षांचा असावा. भाडे दोघांनी बाजाराप्रमाणे ठरवावे, पण त्याची वाढ करारातच लिहिलेली असावी. मुदतीनंतर निर्दोष गाळेकऱ्यास नूतनीकरणात पहिला हक्क असावा. मालकास स्वतःसाठी जागा हवी असेल तर त्याने पुरेशी आगाऊ सूचना द्यावी आणि काही महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई मोजावी. अनामतीस मर्यादा असावी. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात व्यापारी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविलेलीच आहे. त्याच वेळी, जुन्या गोठलेल्या भाड्यांस टप्प्याटप्प्याने वाजवी पातळीवर आणावे. ज्याचे पोट खरोखर त्या गाळ्यावर आहे त्यास अधिक सावकाश, आणि जो पोटभाडे खातो त्यास लगेच. हे दोन्ही एकत्र व्हावे. एकच केले तर एकाच बाजूवर अन्याय होईल, आणि अन्यायाने अन्याय फिटत नसतो.

आणि यापेक्षाही आधी, दावे लवकर निकालात निघावेत. कितीही चांगले कलम असले तरी त्याचा निकाल नातवाच्या हयातीत लागणार असेल, तर ते कलम नसून करमणूक आहे. दाव्याच्या लांबणीवर आज दोघेही बोली लावतात. धनवान मालक गरीब गाळेकऱ्यास दमवतो आणि मुरब्बी भाडेकरू म्हाताऱ्या मालकास दमवतो. दोन्हीकडून सज्जनच हरतो.

घरमालकाचा हक्क कोठे संपतो, या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच: जेथे गाळेकऱ्याचे श्रम सुरू होतात तेथे. आणि गाळेकऱ्याचा हक्क कोठे संपतो? जेथे तो दुसऱ्याच्या मालमत्तेचे मोल देण्याचे नाकारतो तेथे. ही सीमा कायद्याने रेखावी. ती रेखली नाही तर ती रोज संध्याकाळी दुकानाच्या दारात दांडगाईने रेखली जाईल, आणि तिचा हिशोब मग लघुवाद न्यायालयात नव्हे, फौजदारी न्यायालयात करावा लागेल.